बक्षीस, छडी आणि तपासलेली वही

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



जेवण उत्तम झालं आहे, जिलेबीही झाली आहे, आणि अशा वेळी संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘माणूस शिकतो कसा?’ अध्यापक विद्यालयात मी एकतीस वर्षं शैक्षणिक मानसशास्त्र शिकवलं, म्हणून हा विषय माझ्या गळ्यात पडला. जेवणानंतरच्या तासाला वर्ग जागा ठेवायची मला सवय आहे. तरी कोणाचा डोळा लागलाच तर शेजाऱ्यानं कोपरानं ढोसावं, पूर्वीसारखंच.

एवढ्या मोठ्या विषयातला मी एकच कोपरा घेणार आहे. त्याचं नाव वर्तनवाद. तो निवडायला एक कारण आहे. चहानंतर आपल्याला एक निर्णय करायचा आहे. आपण सगळ्यांनी मिळून शाळेसाठी निधी जमवला, त्याचं काय करायचं? कार्यक्रमपत्रिकेत प्रस्ताव छापला आहे : दहावीत पहिल्या तीन आलेल्या विद्यार्थ्यांना दरवर्षी रोख बक्षीस. प्रस्ताव चांगल्या मनानं केलेला आहे. पण मत देण्यापूर्वी, बक्षिसानं आणि शिक्षेनं माणूस नेमकं काय शिकतो याचा ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला, त्यांचं म्हणणं आपण ऐकावं असं मला वाटतं.

वर्तनवाद हे नाव जड आहे, कल्पना साधी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ माणसाला विचारत, ‘तुझ्या मनात आत्ता काय चाललं आहे?’ आणि तो सांगेल ते टिपून घेत. १९१३ साली जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं लेख लिहून सांगितलं की अशानं शास्त्र होणार नाही. मन दिसत नाही. दिसतं ते वर्तन. माणूस काय करतो, कोणत्या परिस्थितीत करतो आणि केल्यावर काय घडतं, एवढंच बघा आणि मोजा. शिकणं म्हणजे वर्तनात टिकून राहणारा बदल. आपल्यापैकी ज्यांनी डी.एड., बी.एड. केलं त्यांनी हे वाक्य परीक्षेत नक्की लिहिलं असेल.

त्यांनी पावलोव्हचा कुत्राही लिहिला असेल. पावलोव्ह हे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ. पचनक्रियेवरच्या कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं. कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी कुत्र्याला लाळ सुटते. मग त्यांनी अन्न देण्याआधी ठरावीक आवाज ऐकवायला सुरुवात केली. काही दिवसांनी नुसत्या आवाजानं लाळ सुटू लागली. आवाजाचा आणि लाळेचा मुळात काही संबंध नाही. तो संबंध जोडला गेला. याला आपण अभिसंधान म्हणतो.

लाळेच्या बाबतीत हे गमतीचं वाटतं. भीतीच्या बाबतीत तसं वाटत नाही. १९२० साली वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अकरा महिन्यांच्या एका बाळावर प्रयोग केला. पुस्तकात ते आल्बर्ट या नावानं प्रसिद्ध आहे. हे बाळ पांढऱ्या उंदराला अजिबात घाबरत नव्हतं. त्यानं उंदराकडे हात नेला की त्याच्या पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा मारायचा, असं काही वेळा केलं. पुढे नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडू लागलं. मग ससा पाहून रडू लागलं, कुत्रा पाहून घाबरलं, केसाळ कोट पाहूनही घाबरलं. प्रयोग क्रूर होता. आज त्याला कोणी परवानगी देणार नाही. पण त्यातून कळलं ते विसरता येत नाही. आता उंदराच्या जागी गणिताचं पुस्तक ठेवा आणि हातोड्याच्या जागी पाठीत बसलेला धपाटा. भीती पुस्तकापुरती राहत नाही. ती फळ्यापर्यंत जाते, तासाच्या घंटेपर्यंत जाते आणि एक दिवस शाळेच्या फाटकापर्यंत येऊन थांबते. मूल आत येतच नाही.

याच्या उलटा प्रयोग मेरी कव्हर जोन्स या बाईंनी केला, १९२४ साली तो प्रसिद्ध झाला. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. बाईंनी त्याला आवडीचा खाऊ खायला बसवलं आणि ससा खोलीत लांब ठेवला. रोज थोडा थोडा जवळ आणला, मूल घाबरणार नाही इतकाच. शेवटी तो मुलगा सशाशी खेळू लागला. म्हणजे भीती शिकवली जाते, तशी ती काढताही येते. घाई मात्र करायची नाही.

आता छडीबद्दल बोलतो. सकाळपासून तीन-चार जणांनी सांगितलं, ‘सरांनी मारलं म्हणून आम्ही घडलो.’ सर समोर बसले आहेत, त्यामुळे बोलायला थोडं अवघड जातं. पण सर, साठ मुलांचा वर्ग, एक फळा आणि एक खडू एवढ्यावर तुम्ही आम्हाला शिकवलं. त्या काळी घरीही छडीच होती, आणि ‘हाडं आमची, कातडी तुमची’ असं सांगून पालक मुलाला शाळेत सोडून जात. दोष कोणा एकाचा नव्हता. तरीही ‘मारलं म्हणून घडलो’ या वाक्याची तपासणी करायला हवी.

स्किनर हे वर्तनवादातलं सर्वांत मोठं नाव. त्यांनी १९३८ साली आपल्या पुस्तकात एक प्रयोग दिला आहे. कळ दाबली की अन्न मिळतं हे उंदीर शिकले होते. मग अन्न बंद केलं. त्यांतल्या एका गटाला सुरुवातीला कळ दाबताच पंजावर फटका बसे. त्या उंदरांचं कळ दाबणं झपाट्यानं कमी झालं. बघणाऱ्याला वाटलं असेल, फटक्यानं काम केलं. पण फटके थांबल्यावर ते पुन्हा कळ दाबू लागले, आणि शेवटी दोन्ही गटांची बेरीज जवळपास सारखीच भरली. फटक्यानं सवय गेली नाही, काही वेळ दबून राहिली. जे मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर वर्गाचं काय होतं ते आठवून पाहतील, त्यांना यासाठी उंदराची गरज नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. छडी ‘हे करू नको’ एवढं सांगते. ‘मग काय करू’ हे सांगत नाही. हातचा घ्यायचा राहिला म्हणून पट्टी बसली, तर हातचा कधी घ्यायचा हे त्या पट्टीतून कळत नाही. मूल शिकतं ते मार चुकवायला : मागच्या बाकावर बसायचं, शेजाऱ्याची वही उतरवायची, पोटात दुखतं म्हणून घरी राहायचं.

आणि तिसरी गोष्ट. पाचवीला आपल्या तुकडीत किती जण होतो आणि दहावीच्या परीक्षेला किती बसलो, हे शाळेच्या हजेरीपटात आहे. मधल्या वर्षांत बरेच जण गळाले. कोणी घरच्या गरिबीनं, कोणाचं लग्न झालं म्हणून, आणि काही जण केवळ गणिताच्या आणि इंग्रजीच्या धास्तीनं. ‘मारलं म्हणून घडलो’ असं म्हणायला आज इथे आपण आहोत. ज्यांचं त्या मारानं बिघडलं ते मेळाव्याला येत नाहीत. त्यांना पत्रिकाही गेली नाही, कारण आपली यादी दहावीच्या निकालावरून केलेली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. कायदा छडी काढून घेऊ शकतो. तिच्या जागी काय ठेवायचं ते आपल्याला ठरवावं लागतं.

बरेच जण म्हणतील, छडीच्या जागी बक्षीस ठेवा, वर्तनवाद तेच तर सांगतो! इथेच गफलत होते. वर्तनवाद ‘बक्षीस’ म्हणत नाही, ‘प्रबलन’ म्हणतो. प्रबलन म्हणजे एखाद्या कृतीनंतर लगेच असं काही घडणं, की ती कृती पुन्हा व्हायची शक्यता वाढावी. यातला ‘लगेच’ हा शब्द अधोरेखित करून घ्या. सरावाबाबतही तेच. थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पिंजऱ्यातल्या मांजरांवरचे प्रयोग मांडले आणि त्यातून प्रयत्न-प्रमाद आणि परिणामाचा नियम आला. पुढे त्यांनी माणसांना डोळे मिटून ठरावीक लांबीच्या रेघा काढायला लावल्या, पुन्हा पुन्हा, दिवसामागून दिवस. रेघ बरोबर आली की चुकली हे सांगितलं नाही, तेव्हा इतका सराव करूनही सुधारणा झाली नाही. बरोबर-चूक सांगितल्यावर झाली. म्हणजे नुसती घोकंपट्टी करून, नुसतं दहा वेळा लिहून काही होत नाही. केलेलं कसं झालं हे कळलं पाहिजे.

स्किनरांची मुलगी चौथीत होती. १९५३ साली पालकांना शाळेत बोलावलं होतं तेव्हा ते तिच्या वर्गात मागे बसून गणिताचा तास बघत होते. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. मुलं उदाहरणं सोडवत होती, पण बरोबर आलं की नाही हे त्यांना तिथल्या तिथे कळत नव्हतं. आणि सगळ्यांना एकाच वेगानं जावं लागत होतं : ज्यांना येत होतं ती कंटाळली होती, ज्यांना येत नव्हतं ती मागे पडत होती. हे हार्वर्डचे प्राध्यापक घरी गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी एक यंत्र तयार केलं. पेटीसारखं यंत्र, त्यात एक उदाहरण दिसणार, मुलानं उत्तर द्यायचं, बरोबर असेल तर पुढचं उदाहरण येणार. पुढच्या वर्षी त्यांनी यावर लेख लिहिला आणि त्यातून क्रमबद्ध अध्ययन आलं : विषयाचे लहान लहान टप्पे, प्रत्येक टप्प्यावर मुलाची स्वतःची कृती, लगेच पडताळा, आणि ज्याचा त्याचा वेग.

आता हे आपल्या शाळेत आणून बघू. कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. समजा गुरुजींनी दहा उदाहरणं दिली. एक उदाहरण तपासायला फक्त दहा सेकंद धरा. पस्तीस गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे ३५०० सेकंद, जवळजवळ एक तास. तास असतो पस्तीस-चाळीस मिनिटांचा, आणि त्यात शिकवायचंही असतं. आपल्या वेळी साठ मुलं होती, म्हणजे शंभर मिनिटं. म्हणून वह्यांचा गठ्ठा घरी जातो आणि आठ दिवसांनी परत येतो. गुरुजी आळशी नसतात. गणितच जमत नाही.

पाठ-निरीक्षणासाठी मी असंख्य वर्गांत मागे बसलो. एका वर्गात पाचवीतल्या एका मुलीची वही बघितली. बावन्नातून सत्तावीस वजा, उत्तर पस्तीस. चौऱ्याऐंशीतून एकोणचाळीस वजा, उत्तर पंचावन्न. अशी वीस उदाहरणं, सुवाच्य अक्षरात, सगळी चूक, आणि सगळी एकाच पद्धतीनं चूक. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक ती वजा करत होती, मग तो वर असो की खाली. वही आठ दिवसांनी परत आली होती, वीस लाल फुल्यांसह. वर्तनवादाच्या भाषेत सांगायचं तर त्या मुलीनं चुकीच्या रीतीचा वीस वेळा सराव केला होता, आणि पहिल्या उदाहरणानंतर तिला थांबवणारं जवळ कोणी नव्हतं.

पण त्याच वहीनं वर्तनवादाची मर्यादाही दाखवली. पहिल्या उदाहरणाला ‘चूक’ एवढंच सांगून तिचं भागलं नसतं. तिच्या डोक्यात कोणता नियम बसला आहे हे कोणीतरी विचारायला हवं होतं, ‘बाळ, हे तू कसं केलंस?’ आणि डोक्यात काय चाललं आहे हे वर्तनवाद विचारत नाही. या मुद्द्यावर त्याच्यावर बरीच टीका झाली. टोलमन यांनी १९३० साली दाखवलं की चक्रव्यूहात अन्न न मिळता नुसतेच हिंडणारे उंदीरही वाट शिकलेले असतात. अन्न ठेवल्यावर ते एकदम बिनचूक धावू लागतात. म्हणजे शिकणं होतं, फक्त दिसत नव्हतं. १९५९ साली चॉम्स्की यांनी भाषेच्या अंगानं टीका केली. ती समजायला आपल्या नातवंडांचं बोलणं ऐका. तीन वर्षांचं मूल ‘मी केलं’च्या ऐवजी ‘मी करलं’ म्हणतं. हे त्याला कोणी शिकवलं नाही, त्यासाठी कोणी खाऊ दिला नाही. ‘पळलं, बसलं, पडलं’ यावरून त्यानं स्वतः नियम काढला आणि लावला. मूल असं आतून शिकतं, आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून आपल्याकडे ज्ञानरचनावादाचा जो बोलबाला झाला, तो याच कारणानं.

मग वर्तनवाद मोडीत काढायचा का? मला तसं वाटत नाही. आंध्र प्रदेशात ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळा आहेत. ही संस्था कृष्णमूर्तींच्या विचारांतून उभी राहिली, आणि त्यांना बक्षीस आणि शिक्षा दोन्ही अमान्य होती. म्हणजे स्किनरांच्या अगदी विरुद्ध टोक. पण त्या शाळांतली मुलं पाठ्यपुस्तकाऐवजी कार्डांवर काम करतात. एक शिडी आखलेली असते, मूल आपल्या वेगानं तिच्यावर चढतं, कोणत्या पायरीवर आपण आहोत हे त्याला माहीत असतं. दोन विरुद्ध टोकांची माणसं लहान टप्प्यांवर आणि ज्याच्या त्याच्या वेगावर एकत्र येतात, तेव्हा त्यात काहीतरी पक्कं असलं पाहिजे.

हेच तत्त्व शाळेबाहेर फार हुशारीनं वापरलं जातं. नातू मोबाइलवर खेळत असतो तेव्हा बघा. प्रत्येक कृतीला लगेच प्रतिसाद, पायऱ्या लहान, आणि गुण कधी मिळतील कधी नाही याचा नेम नाही. अनियमितपणे मिळणाऱ्या प्रबलनानं लागलेली सवय सहजी सुटत नाही, हे स्किनरांनी कबुतरांवर दाखवलं होतं. खेळ विकणाऱ्यांनी ते नीट वाचलं. आपण आठ दिवसांनी वही परत देतो आणि पोराचं अभ्यासात लक्ष नाही म्हणतो.

आता प्रस्तावाकडे येतो. दहावीच्या पहिल्या तिघांना बक्षीस. परीक्षा मार्चमध्ये, निकाल उन्हाळ्याच्या सुट्टीत, बक्षीस समारंभ स्वातंत्र्यदिनाला किंवा स्नेहसंमेलनात. ज्या अभ्यासासाठी बक्षीस द्यायचं तो अभ्यास सहा-आठ महिने मागे पडलेला. कोणत्याही अर्थानं हे प्रबलन होत नाही. शिवाय पहिल्या तिघांत कोण येणार हे नववीतच सगळ्यांना कळलेलं असतं. बाकीच्यांच्या रोजच्या अभ्यासावर त्या बक्षिसाचा काय परिणाम होणार? ते टाळ्या वाजवतात.

बक्षिसाचा तोटाही असू शकतो. १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेली मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला न सांगता नंतर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत कोण चित्रं काढतं ते गुपचूप पाहिलं. प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्र काढलेल्या मुलांनी इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांना दिला. आवडीच्या कामाची मजुरी ठरली की आवड कमी होते. अचानक मिळालेल्या कौतुकानं तसं झालं नाही.

म्हणून माझी सूचना अशी. हा निधी पाचवी ते सातवीच्या गणितासाठी वापरावा. पहिलं काम कार्डांचं. पुढे उदाहरण, मागे उत्तर आणि ते कसं आलं हे थोडक्यात. मूल सोडवेल, उलटून बघेल, पुढे जाईल. स्किनरांच्या यंत्राचं काम पुठ्ठ्याचा तुकडा करतो. कार्डं शाळेतले शिक्षक तयार करतील, छपाई आपण करू. माझ्यासारखे निवृत्त लोक मदतीला आहेतच. दुसरं काम वह्यांचं. गावात राहणाऱ्या आपल्यापैकी दोघा-तिघांनी पाळीपाळीनं दुपारी शाळेत बसावं आणि त्या दिवसाच्या वह्या त्याच दिवशी, मुलाला शेजारी बसवून बघाव्यात. चूक दिसली की फुली मारायच्या आधी विचारावं, ‘हे कसं केलंस?’ याला पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि साठीनंतर तो आपल्याकडे आहे.

तिसरं, शाबासकी. ती द्यावी, पण केलेल्या कामाला, केल्या केल्या. ‘हुशार आहेस’ याऐवजी ‘आज हातचा एकदाही विसरला नाहीस’ असं म्हणावं. पहिल्या वाक्यानं मुलाला पदवी मिळते. दुसऱ्या वाक्यानं आपण नेमकं काय बरोबर केलं ते कळतं.

पहिल्या तिघांचा सत्कार करायला माझा विरोध नाही. फुलं, पुस्तक, पाठीवर हात, हे सगळं करू. निधी मात्र त्या मुलांसाठी ठेवू जी आज पाचवीत मागच्या बाकावर बसली आहेत. आपल्या तुकडीतली जी माणसं आज या सभागृहात नाहीत, त्यांची सुरुवात त्याच बाकावरून झाली होती. चहानंतर हात वर करताना एवढं मनात असू द्या.